दाबपात्राची चाचणी किती दाबाला घ्यावी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह किती दाबाला लावावा

दाबपात्राच्या (दाबाखालील हवा, वाफ किंवा द्रव धरणाऱ्या बंद पात्राच्या) बाबतीत सगळे आकडे एकाच आकड्यावरून काढायचे असतात, आणि तो म्हणजे नेमप्लेटवर कोरलेला कमाल अनुज्ञेय कार्यदाब. ‘हायड्रोटेस्ट (पाण्याने दाबाची चाचणी) तेरा किलोला पास झाली आहे, मग व्हॉल्व्ह बारा किलोला लावला तर काय बिघडले?’ हा प्रश्न अनुभवी फिटरही विचारतात, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. चाचणी थंड पाण्याने, थोडा वेळ आणि देखरेखीखाली होते, तर सेफ्टी व्हॉल्व्हला, म्हणजे दाब ठरलेल्या आकड्यावर गेला की आपोआप उघडणाऱ्या झडपेला, वर्षानुवर्षे, गंज चढत असताना आणि कोणी पाहत नसताना पात्र सांभाळायचे असते. त्यामुळे चाचणीच्या दाबावरून व्हॉल्व्हचा दाब कधीही ठरवू नये.

उदाहरणासाठी काँप्रेसरचा एअर रिसीव्हर (दाबाखालील हवा साठवणारी टाकी) घेऊ. नेमप्लेटवरचा कार्यदाब १०.५ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) आहे आणि काँप्रेसर ८ किलोला बंद होतो. एएसएमई (अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांची संस्था) हिच्या दाबपात्र संहितेच्या आठव्या विभागातील पहिल्या भागानुसार पाण्याची चाचणी किमान १.३ पट, म्हणजे १३.६५ किलोला घ्यावी लागते. जुन्या पात्रांवर दीडपट आकडा दिसला तर गोंधळून जाऊ नये, कारण १९९९ पूर्वी या संहितेत तोच गुणक होता.

पात्र गरम सेवेत असेल तर मात्र १.३ पुरेसे नाही. तापमान वाढले की पोलादाची ताकद घटते, आणि चाचणी तर थंड अवस्थेत होते. म्हणून चाचणीच्या तापमानाचा अनुज्ञेय ताण (धातूवर येऊ देता येणारा कमाल ताण) भागिले कार्यतापमानाचा अनुज्ञेय ताण या गुणोत्तरानेही गुणावे लागते. एसए-५१६ ग्रेड ७० या पोलादाचा अनुज्ञेय ताण सामान्य तापमानाला १३८ मेगापास्कल, तर ३७१ अंश सेल्सिअसला सुमारे १२५ मेगापास्कल आहे. गुणोत्तर १.१० येते आणि त्याच १०.५ किलोच्या पात्राची चाचणी १५ किलोच्या आसपास जाते. दाब पात्राच्या माथ्यावर मोजावा. उंच स्तंभात दर दहा मीटर पाण्यामागे तळाशी साधारण एक किलो दाब वाढतो, आणि तो भार तळ पेलू शकतो का, हे आधी तपासावे.

पाणी भरताना माथ्यावरचे व्हेंट उघडे ठेवून सगळी हवा बाहेर काढावी, कारण अडकलेली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि एखादा सांधा फुटल्यास तीच घात करते. पूर्ण दाब गाठल्यावर कोणीही जवळ जाऊ नये, दाब १.३ ने भागून येणाऱ्या आकड्यापर्यंत उतरवावा आणि मगच वेल्ड तपासावेत. हवेने चाचणी घेण्याची मुभा १.१ पटीला आहे, पण पाणी भरणे खरोखरच अशक्य असेल तरच तो मार्ग धरावा, असे माझे ठाम मत आहे.

आता सेफ्टी व्हॉल्व्ह. एकच व्हॉल्व्ह असेल तर तो १०.५ किलोला किंवा त्याखाली उघडला पाहिजे. पूर्ण प्रवाह सोडताना पात्रातला दाब १० टक्क्यांहून अधिक, म्हणजे ११.५५ किलोच्या वर जाता कामा नये. दोन व्हॉल्व्ह असतील तर दुसरा कार्यदाबाच्या १०५ टक्क्यांपर्यंत लावता येतो. या रिसीव्हरसाठी मी १० किलो निवडेन. तीन टक्के सहिष्णुता धरली तरी व्हॉल्व्ह ९.७ ते १०.३ दरम्यान उघडतो, आणि सात टक्के खाली उतरून, सुमारे ९.३ किलोला, पुन्हा बसला तरी काँप्रेसरच्या ८ किलोपासून पुरेसे अंतर राहते. हे अंतर फार कमी ठेवले तर व्हॉल्व्ह सतत कुजबुजत गळतो, सीट झिजते, आणि मग कोणीतरी वैतागून स्प्रिंग आवळतो.

व्हॉल्व्ह सामायिक फ्लेअर हेडरला (सुटलेला वायू जाळण्यासाठी नेणाऱ्या मुख्य नळीला) जोडलेला असेल आणि तिथे कायम १.५ किलो विरुद्ध दाब, म्हणजे व्हॉल्व्हच्या बाहेरच्या बाजूचा दाब, असेल, तर साध्या स्प्रिंग व्हॉल्व्हला बेंचवर १० नव्हे, ८.५ किलोला लावावे लागते. जोडणीनंतर सील लावावे आणि टॅगवर दोन्ही आकडे (१० आणि ८.५) लिहावेत.

हायड्रोटेस्टच्या वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद करणारी चकती) लावला जातो किंवा व्हॉल्व्हला गॅग (तो उघडू न देणारा अडसर) घातला जातो. पात्र परत चालू करण्यापूर्वी ज्या माणसाने तो लावला त्यानेच काढला आहे, अशी सही घेतल्याशिवाय दाब चढवू नये.