जुनी गाडी आणि नवी गाडी, तुलना करायची तर अशी करा

आमच्याकडे २००९ ची १.३ पेट्रोल स्विफ्ट, दाजींकडे २०१९ ची १.२. दर दिवाळीला तोच वाद, ते म्हणणार ॲव्हरेज बघ, मी म्हणणार तुमचा हप्ता बघा. यंदा म्हटलं एकदाचं नीट मोजूच. कुठल्याही दोन गाड्यांना ही पद्धत चालेल.

आधी जुनीचं साधं काम करून घ्या, प्लग, ऑइल, एअर फिल्टर, अलाइनमेंट. आमचा फिल्टर उघडला तर आत शेंगांची टरफलं, उंदराची कृपा! तसंच मोजलं असतं तर गाडीचं वय नाही, माझा आळस मोजला गेला असता. हवा दोन्हीत टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच.

ॲव्हरेज फुल टू फुल काढायचं, म्हणजे टाकी फुल करून निघायचं, शेवटी परत फुल करायची आणि चाललेले किमी भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. पंप तोच, मशीन तेच, नॉझल कट झालं की बास, राउंड फिगर करायला सांगायचं नाही. किमान ३०० किमी चालवा, एसी दोघींत सारखा, आणि अर्ध्या वाटेत ड्रायव्हर बदला कारण दाजींचा पाय हलका न माझा जड. डिस्प्लेवरचा आकडा सोडून द्या, पावतीवरचे लिटर धरा. आणि हो, दहा वर्षांपूर्वीच्या डायरीतलं ॲव्हरेज आजच्याशी लावू नका, पेट्रोलच बदललंय. आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे फटका दोन्ही गाड्यांना आहेच. इथेनॉलनं जुनं रबर खराब होऊ शकतं, म्हणून जुनीचे पेट्रोलचे रबरी पाइप मात्र मिस्त्रीला एकदा बघायला सांगा.

पिकअपसाठी रेस नको, घाट बघा. कागदावर दोघींचा टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढायची ताकद, ११३ एनएम, पण नवी चांगली शंभराच्या वर किलो हलकी. वाईतनं पसरणी घाट चढताना चौघं बसलेलो, नवी तिसऱ्यावर ओढत गेली तिथंच जुनीला दुसरा टाकावा लागला. इथं मी गप्प बसलो.

आता खर्च. खरी गंमत इथंय. जुनीचा खर्च एकदम येतो म्हणून डोळ्यात भरतो, नवीचा गुपचूप जातो. म्हणून मोठं काम निघालं की ते किती किमी टिकणार त्यानं भागा. उदा. आमच्या १.३ ला टायमिंग बेल्ट आहे, तो ठराविक किमीला बदलावाच लागतो, दाजींच्या १.२ ला चेन आहे, ते काम सहसा निघत नाही. जुनीच्या बाजूला बुश, शॉकॉप, क्लच आणि १५ वर्षांनंतरचं आरसी रिन्यूअल न पर्यावरण कर लिहा. नवीच्या बाजूला फुल इन्शुरन्स, हप्त्यातलं व्याज आणि वर्षाला उतरलेली किंमत. ही शेवटची ओळ लिहायला दाजी तयारच नव्हते, ताईनं लिहायला लावली. वर्षभराची बेरीज भागिले चाललेले किमी, झाला आकडा.

आमच्याकडे पेट्रोलमध्ये नवी जिंकली, एकूण खर्चात जुनी, कारण ती वर्षाला फार पळतच नाही. तुमचं रनिंग जास्त असेल तर उलटंही येईल. एअरबॅग न एबीएस मात्र या हिशोबात बसत नाहीत, आमच्या जुनीत दोन्ही नाहीत, म्हणून पोरांना घेऊन हायवेला जायचं असलं की मी निमूट दाजींकडं चावी मागतो.