‘रुग्णालय म्हणजे समाज’ लिहून थांबू नका

मनोरुग्णालयावरच्या चित्रपटाबद्दल निबंध लिहायला बसलं की पहिलं वाक्य हमखास सुचतं: ‘हे रुग्णालय म्हणजे समाजच.’ खोडा ते. चूक नाहीये, पण एकदा लिहिलं की पुढची सगळी पानं त्याचीच पाढे-पाठांतरं होतात. नर्स म्हणजे सत्ता, रुग्ण म्हणजे जनता, उपचाराच्या नावाखाली दिलेला विजेचा झटका म्हणजे दडपशाही. एवढ्यासाठी चित्रपट बघायची गरजच नाही.

मिलॉश फोरमनचा ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ (१९७५) हा मनोरुग्णालयावरचा चित्रपट घ्या. सगळे झटक्याच्या प्रसंगावर तुटून पडतात. तुम्ही मतदानापाशी थांबा. टीव्हीवर बेसबॉल लावायचा का? ९ हात वर होतात. वर्तुळात बसलेले सगळे तयार आहेत. वॉर्डाची प्रमुख नर्स रॅचेड आवाज न चढवता सांगते: वॉर्डात १८ रुग्ण आहेत, बहुमत हवं. उरलेले कोण, तर ज्यांना प्रश्नच पोचत नाही ते! मतदान मागणारा बंडखोर रुग्ण मॅकमर्फी त्यांच्यात फिरून चीफचा, म्हणजे सगळे मुका-बहिरा समजतात त्या रुग्णाचा, दहावा हात मिळवतो, तोवर सभा संपलेली असते. प्रसंग थांबवत थांबवत पाहा. हात मोजा, रॅचेडचं वाक्य शब्दशः उतरवा, ती बोलताना चौकटीत कोण आहे ते शेजारी लिहा. कुणी कुणाला हात लावत नाही. नियम पाळूनच हरवलं जातं. रूपक आहे ते इथं.

पुढे कळतं की हार्डिंग, चेसविक, बिली हे रुग्ण स्वतःहून दाखल झालेत, हवं तर घरी जाऊ शकतात. मॅकमर्फीचा चेहरा बघा. ‘समाज’ हा शब्द या प्रसंगानंतर खुशाल वापरा, तोवर नको.

आयत्या नोट्स मात्र बुडवतात. चित्रपट ज्यावर बेतलाय त्या केन केसीच्या कादंबरीत (१९६२) निवेदक चीफ आहे आणि समाजाच्या अजस्र यंत्राला तो ‘कंबाइन’ म्हणतो. फोरमनच्या चित्रपटात ते निवेदनच नाही. निबंधात ‘कंबाइन’ आलं की तपासणाऱ्याला कळतं, तुम्ही काय पाहिलं नाहीत ते.

‘आधी फूको (वेडेपणा आणि सत्तेवर लिहिणारा फ्रेंच विचारवंत) वाचा’ म्हणणारे मार्गदर्शक भेटतील. वाचा, पण नंतर. वॉर्डाचा दिनक्रम समजायला समाजशास्त्रज्ञ गॉफमनचं मनोरुग्णालयांवरचं ‘असायलम्स’ (१९६१) जास्त कामाला येतं.

पहिल्या खेपेला यातलं काही दिसलं नाही तर घाबरू नका, चित्रपट सव्वादोन तासांचा आहे आणि मॅकमर्फी झालेला निकोल्सन नजर हलू देत नाही. दुसऱ्या खेपेला त्याच्याऐवजी मागची माणसं बघा. चित्रीकरण अमेरिकेतल्या सेलमच्या ओरेगॉन स्टेट हॉस्पिटल या खऱ्या मनोरुग्णालयात झालंय आणि चित्रपटात तिथले डॉक्टर स्पायवी झालेले डीन ब्रूक्स तिथले खरेखुरे अधीक्षक होते.