पोषणाच्या पाठपुराव्याला चॅटबॉट लावताना

लहान मुलांच्या पोषणाची घरच्यांकडे विचारपूस करणारा चॅटबॉट सुरू करण्याआधी वजनकाटा तपासा. काटा चुकत असेल तर तीच चूक बॉट दर महिन्याला नेमाने नोंदवत राहील. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. मोजमाप नर्सने करावं, निदान मी करावं. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात घरी काय चाललंय, एवढंच मला बॉटकडून हवं असतं.

आकड्यांवरचा निर्णय बॉटमागच्या भाषेच्या मॉडेलवर, म्हणजे वाक्यं रचणाऱ्या एआयवर, सोडू नका. 6 ते 59 महिन्यांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंमीपेक्षा कमी असेल, किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यावर खळगा पडणारी सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण. 11.5 किंवा त्याहून जास्त, पण 12.5च्या आत असेल तर मध्यम. जागतिक आरोग्य संघटनेचे हे निकष साध्या प्रोग्रॅममध्ये पक्के बसवा. मॉडेल गोड बोलतं, पण महिन्यांचा हिशेब बिनदिक्कत चुकवतं. म्हणून वय न विचारता जन्मतारीख घ्या. मुलाची उंची झोपवून मोजली की उभं करून, हेही नोंदवा. दोन्हींत साधारण 0.7 सेंमीचा फरक पडतो. मागच्या वेळी 74 सेंमी असलेलं मूल यंदा 71 भरलं, तर बॉटने मुकाट्याने लिहून न घेता पुन्हा मोजायला सांगावं.

खरी मेहनत प्रश्नांवर घ्या. ‘मूल नीट जेवतं का?’ म्हटलं की उत्तर ‘हो’च येणार, आपली परीक्षा चाललीय असं कुठल्याही आईला वाटतं. त्याऐवजी ‘काल दिवसभरात आणि रात्री काय काय खाल्लं?’ असं विचारा. 6 ते 23 महिन्यांच्या मुलांसाठी अन्नाचे 8 गट धरतात, त्यांतले किमान 5 पोटात जावेत. आईचं दूध हा त्यांतलाच एक. बॉटने ऐकलेलं परत सांगावं: ‘डाळ, अंडं, आईचं दूध. आणखी काही?’ मात्र ही मोजणी मुळात समूहासाठी आहे. एका दिवसाच्या उत्तरावरून एखाद्या मुलावर शिक्का मारू नका. आणि सगळ्यात आधी ‘मुलाला भरवतं कोण?’ हे विचारा, कारण फोन ज्याच्या हातात असतो त्याला ते ठाऊक असतंच असं नाही. बोलून उत्तर द्यायची सोय ठेवाच.

मूल काही पीत नाही, सगळं उलटून टाकतं, झटके आले, मलूल पडलंय, यांतलं काहीही आलं की बॉटने सल्ला देणं थांबवावं, ‘आत्ताच दवाखान्यात न्या’ एवढंच सांगावं आणि माणसाला कळवावं. कोणत्या माणसाला? रात्री अकरा वाजता तो निरोप कोणाच्या फोनवर वाजणार, ते ड्यूटीच्या तक्त्यात लिहिलेलं नसेल तर बॉट सुरूच करू नका. लोक ही लक्षणं आपापल्या बोलीत, अर्धवट, चुकीच्या स्पेलिंगने सांगतात. चाचणी तशाच वाक्यांनी घ्या.

संमती घ्या, लागत नाही ती माहिती मागू नका. ‘शाब्बास’ आणि ‘असं कसं केलंत’ हे दोन्ही सूर बंद ठेवा. ओरडा बसला की पुढच्या वेळी खोटं उत्तर येतं.

दर आठवड्याला काही संभाषणं स्वतः वाचा. उत्तरच न देणाऱ्यांची यादी वेगळी काढा आणि घरभेटींची सुरुवात तिथून करा.