अमेरिकेत भाड्याने द्यायला घर घेताय? ट्रान्सफर टॅक्स आणि क्लोजिंगचा हिशेब असा मांडा

डाउन पेमेंटचा हिशेब सगळे काटेकोर करतात आणि क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर होतानाच्या, खर्चाला मात्र ‘दोन-तीन टक्के धरू’ म्हणून मोकळे होतात. हा आकडा राज्यागणिक बदलतो. ऑफर देण्याआधीच टायटल कंपनीकडून (मालकी तपासून व्यवहार पूर्ण करून देणाऱ्या कंपनीकडून) अंदाज मागवा आणि त्यातली प्रत्येक रक्कम कशावर लागते ते पाहा: घराच्या किमतीवर की कर्जावर.

ट्रान्सफर टॅक्स, म्हणजे मालकी बदलताना लागणारा कर, किमतीवर लागतो. टेक्सासमध्ये तो नाहीच. पेनसिल्व्हेनियात राज्याचा १ टक्का आणि बहुतेक गावांत स्थानिक १ टक्का. तो विकणारा आणि घेणारा सहसा निम्मा-निम्मा भरतात. पण हा फक्त रिवाज. कोण किती भरणार ते करारात लिहून घ्या.

फ्लोरिडाचं उदाहरण आकड्यांत बघू. घर ३,००,००० डॉलरचं, कर्ज २,२५,०००. मायामी-डेड काउंटी सोडली तर डीडवर (मालकी हस्तांतराच्या दस्तावर) दर १०० डॉलरला ७० सेंट, म्हणजे २,१०० डॉलर. हे बहुधा विकणारा भरतो. एवढं ऐकून घेणारा निर्धास्त होतो आणि इथेच फसतो, कारण कर्जाच्या कागदावर वेगळा कर आहे: दर १०० ला ३५ सेंट, म्हणजे ७८७.५० डॉलर, शिवाय कर्जाच्या रकमेवर ०.२ टक्के इनटँजिबल टॅक्स नावाचा आणखी एक कर, ४५० डॉलर. हे १,२३७.५० डॉलर कर्ज घेणाऱ्याच्या खिशातून जातात. रोखीने घेतलं तर कर्जावरचे हे दोन्ही कर लागत नाहीत.

पहिलं घर घेणाऱ्यांसाठीच्या करसवलती सहसा स्वतः राहणाऱ्यांनाच मिळतात. त्या मिळवण्यासाठी ‘मी इथे राहणार’ असं खोटं लिहून देऊ नका. ती सरळ फसवणूक ठरते.

राहत्या घराच्या कर्जात क्लोजिंग डिस्क्लोजर (कर्जाच्या अटी आणि अंतिम खर्चाचा तक्ता) किमान तीन कामकाजाचे दिवस आधी मिळायलाच हवं. निव्वळ भाड्यासाठीचं कर्ज व्यावसायिक धरलं जातं, त्यामुळे हे संरक्षण मिळेलच असं नाही. सेटलमेंट स्टेटमेंट, म्हणजे व्यवहारातल्या सगळ्या रकमांचा हिशेब, आठवडाभर आधी स्वतःहून मागा. पैसे पाठवण्याचा खाते क्रमांक ईमेलने आला, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. ही पायरी गाळू नका, वायरने (बँकेतून थेट) गेलेले पैसे क्वचितच परत येतात.

घरात भाडेकरू असेल तर स्टेटमेंटमध्ये दोन क्रेडिट (तुमच्या नावे जमा धरलेल्या रकमा) शोधा. पहिलं, विकणाऱ्याने आधीच घेतलेल्या भाड्यातला तुमचा वाटा. क्लोजिंग १० तारखेला, महिना ३० दिवसांचा, भाडं २,००० डॉलर आणि क्लोजिंगचा दिवस तुमचा धरला, तर २१ दिवसांचे १,४०० डॉलर तुमचे. दुसरं डिपॉझिट. त्याने क्लोजिंगला भरायची रक्कम कमी दिसते, पण तो पैसा भाडेकरूचाच आणि उद्या परत करायची जबाबदारी तुमची. डिपॉझिट नेमकं किती, हे भाडेकरूच्या सहीच्या एस्टॉपेल सर्टिफिकेटवरून (भाडेकराराच्या अटींना दिलेल्या लेखी दुजोऱ्यावरून) ताडून घ्या.

स्टेटमेंट जपून ठेवा, कराच्या वेळी लागतं. तुम्ही भरलेला ट्रान्सफर टॅक्स, डीड नोंदणी आणि मालकाचा टायटल इन्शुरन्स (मालकीतल्या दोषांसाठीचा विमा) हे त्या वर्षीचा खर्च म्हणून वजा होत नाहीत; ते घराच्या बेसिसमध्ये (करासाठी धरलेल्या खरेदी खर्चात) मिळवायचे. त्यातला इमारतीचा वाटा २७.५ वर्षांत डेप्रिसिएशनमधून (घसाऱ्यातून) वसूल होतो, जमिनीचा नाही. कर्जाचे पॉइंट्स (व्याजदर कमी करून घ्यायला आधीच दिलेली रक्कम) आणि फी बेसिसमध्ये घालू नका, त्या कर्जाच्या मुदतीवर विभागायच्या.

घर एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर ठेवायचं असेल तर ते खरेदीआधीच ठरवा आणि कर्ज देणाऱ्यालाही विचारा. पेनसिल्व्हेनियात स्वतःच्या नावावरून स्वतःच्याच एलएलसीकडे घर वळवलं तरी ट्रान्सफर टॅक्स पुन्हा भरावा लागतो.