फिगर ड्रॉइंग शिकताय? मसल्स नंतर, आधी हाडं

अ‍ॅनाटॉमी म्हटलं की बहुतेक जण डायरेक्ट मसल्सच्या नावांना भिडतात, डेल्टॉइड, लॅट्स सगळं तोंडपाठ होतं आणि कागदावरचा माणूस काही नीट उभा राहत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं असतात पण आपल्याला तेवढी नकोत, फक्त कातडीखाली लगेच हाताला लागतात ती शिका. मान वाकवली की मागे वर येणारा मणका, गळ्याखालची दोन आडवी हाडं, खवाटे (खांद्यामागची चपटी हाडं), कोपर, कमरेची पुढची दोन टोकं, गुडघ्याच्या वाट्या, घोटे. माणूस जाड असो की किडकिडीत, ही ठिकाणं सापडतातच. आधी स्वतःच्या अंगावर चाचपून बघा.

घोट्याचंच घ्या. आतला घोटा वर असतो, बाहेरचा खाली, आणि पोटरीचं बरोबर उलटं, बाहेरचा फुगवटा वर अन् आतला खाली. दोन्ही एका लाइनीत काढले की पाय मेलाच समजा.

प्रपोर्शन डोक्याच्या मापाने घ्या, उभा माणूस साधारण साडेसात डोकी भरतो, आदर्श फिगर 8. उंचीचा मध्य बेंबीपाशी नाही, त्याच्या बराच खाली, जांघांच्या मधे येतो.

आता नाशिककरांसाठी खास, सकाळी लवकर रामकुंडावर जा. उघड्या अंगाने आंघोळ करणारे पुरुष, ओला पंचा पिळणारे हात, असं मॉडेल फुकटात कुठे मिळणार! पिळताना कोपराखालचा भाग नीट बघा. तळहात वर असला की दोन्ही हाडं समांतर असतात आणि हात पालथा केला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून तिरकं जातं, म्हणून मनगटाची चपटी बाजू फिरते. कोणी सूर्याला हात वर करून नमस्कार करत असेल तर पाठीमागून बघा, हात वर जाताना खवाटा पण फिरत बाहेर सरकतो, नुसता खांदा उचलून भागत नाही. बायका आंघोळ करतात त्या बाजूला वही काढायचीच नाही, आणि कोणाला आवडत नसेल तर लगेच बंद करायची.

बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात कपडे घातलेली माणसं काढा. भाजीवाला एका पायावर भार टाकून उभा असतो, त्या बाजूची कंबर वर आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा खांदा खाली. या दोन तिरक्या रेषा आधी मारा, बाकी सगळं नंतर, आणि एका स्केचला दोन मिनिटांच्या वर देऊ नका.

खरा अभ्यास घरी आल्यावर. त्याच स्केचवर लाल पेन्सिलने हाडांची ठिकाणं टाका, जिथे अडलं तो सांधा दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघून या. मग मसल्स घ्या, आणि सुरुवात हाताने करा, कारण बोटं वळवणारे मोठे मसल्स बोटांत नसतात, कोपराखाली असतात. मूठ आवळून बघा, तिथेच हालचाल दिसेल.