जनावर नाठाळ झालं? काठी ठेवा, आधी दावण पाहा

चैत्र-वैशाखात येवला, सिन्नर, नांदगाव, चांदवडकडच्या गोठ्यांत दावणीला उरतो तो कडबा, बाजरीचं सरमड नाहीतर गव्हाचा भुसा. त्यानं पोट भरतं; पण उन्हात पांढऱ्या पडलेल्या वैरणीत कॅरोटीन (हिरव्या चाऱ्यातला पिवळा-नारिंगी घटक) फारसं राहत नाही, आणि जनावराचं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते त्यातूनच. यकृतातल्या साठ्यावर मोठं जनावर काही महिने काढतं. त्यामुळे थंडीत हिरवं बंद झालं की त्रास दिसतो ऐन उन्हाळ्यात.

दिवसभर गरीब असलेली गाय दिवेलागणीला गोठ्याच्या दारात अडते, बुजते, गव्हाणीला धडकते. आपण म्हणतो माजली, आणि काठी उचलतो. तिला अंधारात दिसत नसतं हो! संध्याकाळी तिच्या नेहमीच्या वाटेत रिकामी बादली आडवी ठेवा आणि लांबून बघा. बादली चुकवली नाही, तर रातांधळेपणाची शंका घ्या. डोळ्यांतून पाणी येत असेल तर आणखीच. गाभण गाईला ही उणीव राहिली तर वासरू आंधळं किंवा अशक्त जन्मू शकतं. वासराला पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजाच, त्याचा अ जीवनसत्त्वाचा पहिला साठा चिकातूनच येतो.

पाणी असेल तर गुंठा-दोन गुंठे मका किंवा लसूणघास राखा. नसेल तर बांधावरची शेवरी, सुबाभूळ थोडी थोडी द्या. मोठ्या जनावराला रोज चार-पाच किलो हिरवं मिळालं तरी पुष्कळ. जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मात्र मनानं देऊ नका. अ जीवनसत्त्व अंगात साठतं आणि जास्त झालं की बाधतं. हिरवं नाही म्हणून चाळीतला सडका कांदाही दावणीत टाकू नका. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, जनावर मलूल पडतं, लघवी लालसर होते.

ब-१ जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. ते पोटातले जिवाणूच तयार करतात. करडानं किंवा कालवडीनं धान्य, लग्नातलं उरलेलं अन्न भरपेट खाल्लं की पोट आंबतं आणि ब-१ नष्ट होऊ लागतं. मग जनावर भिंतीला डोकं लावून उभं राहतं, मान वर करून आभाळाकडे बघतं, दात खातं, गोल फिरतं. इथं वाट बघत थांबू नका. डॉक्टरांनी वेळेत ब-१ टोचलं तर बरीच जनावरं एक-दोन दिवसांत सावरतात. उशीर झाला तर मेंदूची इजा राहून जाते.

कोंबड्यांचं खाद्य उन्हाळ्यात लवकर खवट होतं आणि त्यातलं ई जीवनसत्त्व जातं. पिल्लं तोल जाऊन पडतात, पाय झाडतात. मान वाकडी झाली तर मानमोडी (राणीखेत रोग) ही असू शकते, म्हणून तपासून घ्या.

वागणं अचानक बदललं, लाळ गळतेय, हंबरडा थांबत नाही, तर पिसाळीचा (रेबीजचा) संशय आधी धरा. तोंडात हात घालू नका, दूध बाजूला ठेवा, जनावर वेगळं बांधा आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकाला फोन करा.