चारचौघांत गणिती कोडी कशी सोडवावीत

गणिताचे किंवा तर्काचे कोडे एकट्याने सोडवणे आणि चारचौघांत सोडवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकट्याला उत्तर मिळाले की काम संपते. मंडळींत मात्र उत्तर कोणाला आणि कधी मिळते, हेही सांभाळावे लागते. अशा बैठका बहुधा कोडी अवघड असल्यामुळे फसत नाहीत, तर एखादा हुशार माणूस पहिल्या दोन मिनिटांत उत्तर सांगून मोकळा होतो आणि बाकीच्यांना चहा पिण्यावाचून काम उरत नाही म्हणून फसतात. पुढे दिलेली पद्धत मुख्यतः हे टाळण्यासाठी आहे.

माणसे आणि सामान

चार ते सहा माणसे पुरेशी होतात. त्याहून अधिक जमल्यास दोन गट करावेत. मुंबईतल्या घरांत याहून जास्त माणसे वर्तुळ करून बसूही शकत नाहीत, ते एका परीने बरेच आहे. सोसायटीची गच्ची, पावसाळ्यात कोणाचाही दिवाणखाना, असे काहीही चालते. वयाची सरमिसळ मात्र मुद्दाम करावी. स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न सोडवणारी मुलगी आणि तिचे निवृत्त आजोबा यांच्या विचारांची चाल वेगळी असते, आणि एकाचा रस्ता खुंटतो तिथे दुसऱ्याचा बहुधा चालू असतो. पाठकोरे कागद, पेन्सिली आणि मूठभर नाणी हाताशी ठेवावीत. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत.

सुरुवात आकडेमोडीने करावी

पहिले कोडे असे निवडावे की ज्यात प्रत्येकाच्या हाताला लगेच काम मिळेल. यासाठी कापरेकरांच्या आकड्यासारखे दुसरे साधन नाही. प्रत्येकाने रस्त्यात दिसलेल्या एखाद्या टॅक्सीच्या नंबर प्लेटवरचे चार अंक लिहावेत. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच करावे. उदाहरणार्थ ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा करून ३०८७ मिळतात. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. आणि ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ च येतात. कोणत्याही संख्येपासून आरंभ केला तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोहोचायला होते. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना ही गोष्ट १९४९ मध्ये सापडली. त्यांच्या आणखी एका शोधाला तर मध्य रेल्वेवरच्या डोंबिवलीचे जुने नाव मिळाले आहे: १, १२१, १२३२१ अशा संख्या ज्यांत येतात, त्या ‘डेमलो’ संख्यांची कल्पना त्यांना त्या स्टेशनवर सुचली होती.

सगळ्यांचे कागद ६१७४ वर आले की बैठकीत आपोआप ‘असे का?’ हा प्रश्न उठतो. तो तिथेच निकाली काढू नये. तीन अंकी संख्यांवर हाच खेळ करून काय होते ते मुलांना शोधू द्यावे (तिथे ४९५ येतात), आणि प्रत्येक वजाबाकीचे उत्तर ९ ने का भागले जाते, एवढ्यावर मोठ्यांनी डोके चालवावे.

कोडे दोनदा मोठ्याने वाचावे

तर्काच्या कोड्यात अर्धे भांडण अटींवरून होते, म्हणून ते एकाने वाचावे आणि दुसऱ्याने स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगावे. एक नमुना पाहू. समजा, एक गृहस्थ रोज कोणत्याही वेळी, घड्याळ न पाहता, माहीम स्टेशनवर येतात. चर्चगेटकडे आणि बोरिवलीकडे जाणाऱ्या गाड्या प्रत्येकी दर दहा मिनिटांनी येतात. जी गाडी आधी येईल तीत ते बसतात. चर्चगेटच्या बाजूला मावशी राहते आणि बोरिवलीच्या बाजूला बहीण. तरीही दहांतले नऊ दिवस ते बहिणीकडे पोहोचतात. हे कसे?

मुंबईकरांना हे कोडे घातले की पहिली दहा मिनिटे पश्चिम रेल्वेच्या वेळापत्रकावर टीका होते. ती होऊ द्यावी आणि मग अटी पुन्हा वाचाव्यात. प्रत्येक दिशेच्या लागोपाठच्या गाड्यांमधले अंतर दहा मिनिटांचे आहे, पण दोन दिशांच्या गाड्या एकमेकींच्या किती मागेपुढे येतात हे कोड्यात कुठेच सांगितलेले नाही. बोरिवलीची गाडी गेल्यावर एका मिनिटाने चर्चगेटची येत असेल, तर पुढची बोरिवलीची यायला नऊ मिनिटे उरतात, आणि त्या नऊ मिनिटांत आलेला माणूस बहिणीकडेच जाणार.

अडल्यावर कोडे लहान करावे

आता मुख्य कोडे. एका जोडप्याने कोजागरीला मसाला दुधासाठी चार जोडप्यांना गच्चीवर बोलावले. काहींनी एकमेकांशी हस्तांदोलन केले, काहींनी केले नाही. स्वतःच्या जोडीदाराशी कोणीच केले नाही आणि कोणत्याही दोघांनी एकापेक्षा जास्त वेळा केले नाही. यजमानांनी उरलेल्या नऊ जणांना विचारले, “तुम्ही किती जणांशी हस्तांदोलन केले?” नऊही उत्तरे वेगवेगळी आली. तर यजमानीणबाईंनी किती जणांशी हस्तांदोलन केले?

माहिती अपुरी आहे, असे कोणीतरी म्हणतेच. इथे ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने एकच प्रश्न विचारावा: एकाला जास्तीत जास्त किती जणांशी हस्तांदोलन करता येईल? स्वतः आणि जोडीदार वगळता आठ. म्हणजे नऊ उत्तरे ० ते ८ हीच असली पाहिजेत. एवढ्यावर पुढे सरकता आले नाही, तर पाहुण्यांचे एकच जोडपे घ्यावे आणि चौघांनी खरोखर उभे राहून करून पाहावे. आता उत्तरे ०, १ आणि २ आहेत. ज्याचे उत्तर २ आहे, त्याचा जोडीदार सोडून कोणाचेच उत्तर ० असू शकत नाही. यजमानांना तर प्रश्न विचारलेलाच नाही, म्हणून २ आणि ० हे पाहुण्यांचे जोडपे ठरते आणि यजमानीणबाईंच्या वाट्याला १ येतो.

मग दोन जोडपी घ्यावीत. त्याच कारणाने ४ आणि ० हे पतीपत्नी ठरतात. त्यांना गच्चीवरून खाली पाठवले की उरलेल्या प्रत्येकाचे नेमके एक हस्तांदोलन कमी होते, आणि समोर पुन्हा आधीचे, एका जोडप्याचे कोडे उभे राहते. म्हणून उत्तर २. चार जोडप्यांसाठी उत्तर ४ का, हे आता आठवीतल्या मुलालाही सांगता येते.

उत्तर मिळालेल्याने काय करावे

त्याने पेन्सिल खाली ठेवावी आणि गप्प बसावे. बोलायचेच असेल तर फक्त प्रश्न विचारावेत, विधान करू नये. आणि शेवटी उत्तर समजावून सांगण्याचा मान, ज्याला ते सर्वांत उशिरा कळले त्याला द्यावा, कारण कुठे अडायला होते हे त्यालाच ताजे आठवत असते. शिवाय त्याला सांगता आले नाही, तर उत्तर अजून सगळ्यांना कळलेले नाही हेही उघड होते.

एका बैठकीत तीन कोड्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत, आणि चौथे घरी न्यायला द्यावे. कोजागरीच्या कोड्यात यजमानांचीही हस्तांदोलने चारच भरतात, म्हणजे पतीपत्नींचे आकडे सारखे येतात. कोणत्याही समारंभात, माणसे कितीही असोत, किमान दोघांच्या हस्तांदोलनांचा आकडा सारखा असतोच. तो का, हा प्रश्न पुढच्या रविवारसाठी ठेवावा, आणि मधल्या दिवसांत त्याचे उत्तर कोणीही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नये, अशी ताकीद निघतानाच द्यावी.